मासा कोणाचा आणि दंड कोणाला?

मृगाच्या पहिल्या सरी सह्याद्रीवर कोसळून ओढे-नाले तांबडे झाले आणि ते पाणी गोदावरी, दारणा व कादवा यांच्या पात्रांत उतरू लागले, की पाण्याखाली एक मोठा प्रवास सुरू होतो. उन्हाळाभर डोहात दडून राहिलेला मासा, अंड्यांनी पोट जड झालेले असताना, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने उथळ पाण्याकडे निघतो. यालाच आपल्याकडे ‘चढणीचे मासे’ म्हणतात. वंशवृद्धीसाठी निसर्गाने योजिलेला हा काळ. पण नेमक्या याच काळात बंधाऱ्यांच्या सांडव्याखाली, पुलांच्या मोऱ्यांपाशी आणि ओढ्यांच्या तोंडाशी माणसांची झुंबड उडते. कोणी जाळे लावतो, कोणी काठीने झोडपतो, कोणी नुसत्या टोपलीने पाटी भरून नेतो. संध्याकाळी हा मासा बाजारात येतो, तेव्हा त्याच्या पोटातील गाभोळी पाहून गिऱ्हाईक खूश होते. एका मादीबरोबर हजारो, आणि रोहू-कटल्यासारख्या मोठ्या जातींत लाखो, अंडी त्या दिवशी तव्यावर जातात, याचा हिशेब मात्र कोणी करीत नाही.

हा हिशेब करण्यासाठीच मासेमारीचे कायदे जन्मास आले. परवाना, बंदीचा हंगाम, जाळ्याच्या आसाचे माप, स्फोटके व विष यांना मनाई, आणि या सर्वांचे उल्लंघन करणाऱ्यास शिक्षा अशी या कायद्यांची रचना आहे. ती आज कागदावर शाबूत आहे, पण पाण्यावर तिचा मागमूस दिसत नाही. मग अधूनमधून एखादी तक्रार वाढली, की दंड वाढवा, कडक कारवाई करा, अशी मागणी होते. या मागणीशी आमचे भांडण नाही. परंतु परवाना म्हणजे नेमके काय, तो कोणास मिळावयास हवा आणि दंड कोणावर बसावयास हवा, या प्रश्नांची उत्तरे न देता नुसता दंडाचा आकडा वाढविणे म्हणजे फाटके जाळे अधिक जोराने फेकण्यासारखे आहे. लहान मासे तेवढे हाती लागतील आणि मोठे पूर्वीसारखेच निसटून जातील. यासाठी या विषयाचा मुळापासून विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मासा कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. वाहत्या पाण्यातील मासा पकडला जाईपर्यंत कोणाच्याच मालकीचा नसतो, हे न्यायशास्त्रातील प्राचीन तत्त्व. पण ज्या पाण्यात तो वाढतो त्या पाण्यावर राज्याची सत्ता असते, म्हणून तो पकडण्यासाठी राज्याची अनुज्ञा लागते, हेही तितकेच जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्षाच्या प्रकरणात मासे धरणाऱ्यांनी आपल्या मिळकतीचा सहावा हिस्सा राजास द्यावा असे सांगितले आहे. म्हणजे आजच्या परवाना शुल्काचे मूळ इंग्रजांच्या कचेरीत नसून आपल्याच राजनीतिशास्त्रात आहे. इंग्रजांनी त्याला कायद्याची चौकट दिली ती १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने. पाण्यात सुरुंग उडवून अथवा विष कालवून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, अशी त्यातील शिक्षा होती. त्या काळी दोनशे रुपये ही रक्कम सामान्य माणसाचे कंबरडे मोडणारी होती. आज तेवढ्या पैशांत एका कुटुंबाला एक वेळची मासळीदेखील धड येत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत घातला, आणि संयुक्त महाराष्ट्राची स्थापना होताच ‘महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६०’ तयार झाला. सन १९६१ च्या महाराष्ट्र अधिनियमांत त्याचा क्रमांक पहिला आहे. नव्या राज्याच्या विधिमंडळास पहिल्या वर्षी नद्या-तलावांतील माशांची आठवण व्हावी, ही अभिमानाची गोष्ट होती. पुढे सागरी मासेमारीसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यात २०२१ साली मोठी सुधारणा करण्यात आली. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून उपसणाऱ्यांना पाच लाखांपासून वीस लाख रुपयांपर्यंत दंड ठरविण्यात आला, आणि पूर्वी तहसीलदारांपुढे रेंगाळणारी प्रकरणे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आली. समुद्राच्या बाबतीत शासनाने दाखविलेली ही जागरूकता स्वागतार्ह आहे. पण समुद्रापासून सह्याद्रीने अलग केलेल्या नाशिकसारख्या जिल्ह्याच्या गोड्या पाण्यालाही तिची तितकीच गरज आहे, हे मुंबईतील कचेऱ्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

कारण नाशिक हा केवळ द्राक्षांचा आणि कांद्याचा जिल्हा नाही. तो धरणांचा जिल्हा आहे. कळवण तालुक्यातील चणकापूर, गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि इगतपुरी तालुक्यातील दारणा ही पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पुरी झालेली कामे. गंगापूर धरण १९६५ मध्ये आणि गिरणा धरण १९६९ मध्ये पुरे झाले. त्यानंतरही भावली, मुकणे, वाकी अशी नावे त्यात पडत गेली. या जलाशयांनी मराठवाड्यापर्यंतची शेते भिजविली, नाशिक शहराची तहान भागविली. वैतरणेने तर मुंबईलाही पाणी पाजले. पण प्रत्येक जलाशयाच्या तळाशी कोणाची तरी भातखाचरे, कोणाची तरी घरे आणि कोणाचे तरी देव बुडालेले आहेत. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्या महादेव कोळी, ठाकूर, भिल्ल कुटुंबांना आणि नदीवर पिढ्यान् पिढ्या जगत आलेल्या भोई समाजाला त्या पाण्यातून काही परत मिळण्याचा मार्ग असेल, तर तो एकच, मासा.

येथे एक शास्त्रीय बाब समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावर परवान्याचे सारे समर्थन उभे आहे. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या ताटातील मुख्य गोडे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वितात नाहीत. त्यामुळे धरण बांधले की त्यात दरवर्षी बीज सोडावे लागते. हे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करीत. १९५७ च्या जुलै महिन्यात ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने माशांच्याच पीयूषिका ग्रंथींचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले, आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून मत्स्यजिऱ्यांपासून बोटुकली तयार करावयाची, ती विकत आणून जलाशयात सोडावयाची आणि वर्ष-दीड वर्षाने मासा काढावयाचा, असा हा व्यवहार चालतो. मच्छीमार सहकारी संस्था शासनाकडून जलाशयाचा ठेका घेतात, बीज विकत घेतात, राखण करतात. अर्थात धरणातील मासा हा रानातल्या बोरासारखा कोणीही तोडावा असा उरलेला नाही. तो पेरलेला मासा आहे. तो विनापरवाना काढून नेणारा मनुष्य सरकारची फी बुडवितो एवढेच नव्हे, तर कर्ज काढून बीज सोडणाऱ्या शेजाऱ्याचे उभे पीक कापून नेतो. २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला आहे. मग शेतातील चोरीबद्दल जी चीड आपल्याला येते, ती तळ्यातील चोरीबद्दल का येऊ नये?

म्हणून कायद्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण अंमलबजावणी कोणाविरुद्ध प्रथम करावयाची, याचा क्रम लावावयास हवा. या क्रमात अग्रभागी येतो तो सुरुंगवाला, विषवाला आणि वीजवाला. खाणीसाठी अथवा विहिरीसाठी आणलेली जिलेटिनची कांडी डोहात टाकली, की हाती लागणाऱ्या माशांच्या कित्येक पट मासे फुटलेल्या आतड्यांनी तळाशी जाऊन कुजतात. वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडला, की मासा, बोटुकली, बेडूक, साप काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी तो प्रवाह सोडणाराच प्राणास मुकतो, अशाही दुर्घटना ऐकिवात येतात. विषाची कथा तर याहून भयंकर. गेळ्यासारख्या रानफळांनी ओढ्यातला एखादा कोंड तात्पुरता मादविण्याची जुनी रीत निराळी आणि शेतीसाठी आणलेले कीटकनाशक नदीत ओतणे निराळे. ज्या गोदावरी-दारणेचे पाणी नाशिककर रोज पितात, तिच्यात चार पाट्या मासळीसाठी विष कालविणारा मनुष्य केवळ मत्स्यकायद्याचा गुन्हेगार नाही. तो या शहराच्या माठात हात घालीत आहे. असला गुन्हा किरकोळ दंडावर सुटत असेल, तर तो दंड नसून धंद्याचा परवानाच आहे, असे म्हणावे लागेल.

आणि हानी केवळ माणसांची होते असे नाही. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की जगाच्या प्राणिशास्त्रात देवळालीचे नाव एका माशाने नेले आहे. सुंदरलाल होरा आणि मिश्रा या मत्स्यशास्त्रज्ञांनी देवळालीच्या माशांचा अभ्यास करून १९३८ मध्ये एका चिमुकल्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. दारणेच्या खडकाळ, वाहत्या पाण्यात राहणारा, बोटभर लांबीचा हा मासा. बाजारात त्याला किंमत नाही, ताटात त्याला स्थान नाही. आज त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्या जातींत होते. २०२० साली नांदूरमध्यमेश्वरला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा त्या पाणथळीच्या महत्त्वात या देवळालीच्या माशाचाही उल्लेख करण्यात आला. बिबट्या गावात आला, की वृत्तपत्रांचे रकाने भरतात. पण ज्याचे घर साऱ्या जगात आपल्याच तालुक्यांच्या आसपास आहे, असा मासा एका सुरुंगाने वा एका पिंप विषाने कायमचा नाहीसा झाला, तर त्याची बातमीही होणार नाही. त्याच्यासाठी साक्ष देणारा कोणी असेल, तर तो कायदाच.

मग हा कायदा चालत का नाही? याचे एक मोठे कारण, आमच्या मते, जबाबदारीची वाटणी हे आहे. एकाच जलाशयाचे पाणी जलसंपदा खात्याचे, त्यातील मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा, काठावरचा पक्षी वन खात्याचा, त्यात सोडलेले सांडपाणी नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे, त्या सांडपाण्याचे मोजमाप प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, आणि रात्री उडालेल्या सुरुंगाचा पंचनामा पोलिसांचा! नांदूरमध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे वन्यजीव संरक्षण कायदा चालतो. त्यात २०२२ च्या सुधारणेनंतर दंडाची सर्वसाधारण मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अभयारण्याची हद्द ओलांडली, की त्याच नदीत, त्याच जाळ्याने, त्याच माशासाठी दुसरे खाते, दुसरा कायदा आणि दुसरी शिक्षा. काठावरच्या अशिक्षित मच्छीमारास ही हद्द पाण्यावर कशी दिसावी? आणि जो जाणूनबुजून गुन्हा करतो, त्याला तर ती फारच चांगली दिसते. एका खात्याचा मनुष्य आला, की तो दुसऱ्या खात्याच्या पाण्यात सरकतो.

दुसरे कारण याहून नाजूक आहे, पण ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. जलाशयाचे ठेके सहकारी संस्थांना द्यावयाचे, हे धोरण उत्तम आहे. परंतु संस्था कागदावर भोयांची आणि पाण्यावर व्यापाऱ्याची, अशा तक्रारी राज्यात अनेक ठिकाणांहून वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. सभासदांच्या यादीत ज्यांची नावे आहेत त्यांना आपण सभासद आहोत हे ठाऊक नसावे, बीजाचा पैसा दुसऱ्याने घालावा, मासळीचा भाव त्यानेच ठरवावा, आणि ज्याच्या बापाची जमीन धरणात गेली त्याने आपल्याच पाण्यात गळ टाकला तर त्याला ‘चोर’ म्हणून धरावे, हा प्रकार जेथे घडतो तेथे कायद्याविषयी आदर कसा उत्पन्न व्हावा? अशा ठिकाणी विनापरवाना मासेमारी हा गुन्हा असतोच; पण त्याच्या मागे एक आधीचा अन्याय उभा असतो. केवळ नंतरच्या गुन्ह्यास शिक्षा करून आधीचा अन्याय तसाच ठेवणाऱ्या राज्यास न्यायी म्हणता येणार नाही.

आपल्या राजनीतिशास्त्रात अराजकाला एक नाव आहे, मत्स्यन्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसे बलवान दुर्बळाला गिळतील. म्हणून दंड धारण करणारे राज्य हवे, असा त्याचा आशय. शतपथ ब्राह्मणातील कथेत मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा त्याच्याजवळ अभय मागतो. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हांला खातात, मला वाढेपर्यंत सांभाळ, असे त्याचे मागणे. मनू त्याला सांभाळतो आणि प्रलयात तोच मासा मनूची नौका तारून नेतो. या कथेत मत्स्यसंवर्धनाचा सारा सिद्धांत आला आहे. आसाच्या मापाचा नियम तरी याहून निराळे काय सांगतो? पण त्यात दंडनीतीचाही सिद्धांत आहे. दंड लहानाच्या रक्षणासाठी असतो. तोच दंड जर गळवाल्या पोराला धरून सुरुंगवाल्या टोळीला सोडू लागला, संध्याकाळच्या कालवणासाठी चार मासे धरणाऱ्या बाईचे जाळे जप्त करून नदीत रासायनिक पाणी सोडणाऱ्याला नोटिसांमागून नोटिसा पाठवीत बसला, तर मत्स्यन्याय थांबविण्यासाठी निघालेले राज्य स्वतःच मोठा मासा ठरेल.

या संदर्भात प्रदूषणाचा उल्लेख टाळता येणार नाही. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटतो, सांडपाणी मात्र आटत नाही. त्यातील सेंद्रिय घाण कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून गुदमरून मरतात. एका रात्रीत असे जितके मासे मरतात, तितके विनापरवाना जाळ्यांत वर्षभरातही सापडत नसतील. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून या देशात आहे. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेथून आदेश झाले, आणि तरीही २०२७ च्या सिंहस्थाची तयारी करताना नदी स्वच्छ कशी करावयाची, हाच प्रश्न या शहरापुढे राहिला. मासे मारल्याबद्दल मच्छीमाराला दंड करणाऱ्या व्यवस्थेने मासे गुदमरविल्याबद्दल स्वतःच्या संस्थांनाही तितक्याच तत्परतेने जाब विचारला पाहिजे. याचा अर्थ नदी स्वच्छ होईपर्यंत मासेमारीचा कायदा गुंडाळून ठेवावा, असा नव्हे; एका अपराधाने दुसरा क्षम्य ठरत नाही. पण कायद्याचा आवाज सर्वांसाठी एकाच पट्टीत असला, तरच तो ऐकला जातो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. पोलीस नाहीत, गस्तीच्या होड्या नाहीत, जिल्ह्याच्या मत्स्यकचेरीत माणसे मोजकी. मग शेकडो तलावांवर पहारा कोण ठेवणार? याचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशाने दिले आहे. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील तवा जलाशयाने विस्थापित केलेल्या आदिवासींनी लढा देऊन १९९६ साली त्या जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघाकडे मिळविला. पूर्वी ठेकेदारांच्या काळात ‘चोर’ ठरलेली तीच माणसे बीज सोडू लागली, पावसाळ्यातील बंदी पाळू लागली आणि रात्री पहारा करू लागली. पाण्यावर आपला हक्क आहे असे वाटले, तेव्हा पहाऱ्यासाठी वेगळी फौज लागली नाही. पुढे २००६ नंतर व्याघ्र प्रकल्पाच्या कारणाने तो हक्क गेला, हा निराळा आणि दुःखद इतिहास. दुसरे उदाहरण आपल्या विदर्भाच्या सीमेवरचे. पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशयात राष्ट्रीय उद्यानातून उठविलेल्या ३०५ आदिवासींना मध्य प्रदेश शासनाने मासेमारीचे परवाने दिले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने ते परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्र असलेली ओळखपत्रे द्यावीत, परवाना दुसऱ्याला देता येऊ नये, उद्यानात इतरत्र फिरू नये, आग पेटवू नये, अशा अटी घालून ते राखले. वन्यजीवांचे रक्षण आणि गरिबाची भाकरी या दोहोंचा मेळ घालण्याचे साधन म्हणजे नीट दिलेला, नीट तपासलेला परवाना, असाच या निकालाचा बोध आहे. वनहक्क कायद्यानेही २००६ साली जलाशयांतील मासे हा सामूहिक हक्काचा विषय मानला आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील ग्रामसभांनी त्याचा आधार घ्यावयास हवा.

या सर्व विवेचनावरून आमच्या सूचना उघड आहेत. पहिली, परवाना देणे सोपे करावे. नदीकाठच्या आणि धरणग्रस्त कुटुंबांना जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे न घालता गावातच, ग्रामपंचायतीत, छायाचित्रासह परवाना मिळावा. त्यावर कोणते पाणी, कोणते जाळे आणि कोणता बंदीकाळ, हे स्वच्छ मराठीत छापलेले असावे. परवाना मिळण्याची वाट बंद ठेवून विनापरवाना म्हणून दंड करणे हा शहाजोगपणा आहे. दुसरी, जिल्ह्यातील प्रत्येक जलाशयाचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, तिचे सभासद कोण, बीज किती सोडले आणि मासळी किती निघाली, याचा तक्ता दरवर्षी तालुक्याच्या ठिकाणी लावावा. उजेडात बेनामी व्यवहार फार काळ जगत नाही. जेथे तो सिद्ध होईल तेथे ठेकाच रद्द करावा.

तिसरी सूचना दंडाची. दंड गुन्ह्याच्या प्रमाणात असावा. घरापुरते चार मासे गळाने धरणाऱ्यास प्रथम समज द्यावी. धंद्यासाठी विनापरवाना जाळे लावणाऱ्यास पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या काही पट दंड करावा आणि जाळे जप्त व्हावे. बंदीकाळात अंड्यावरची मासळी उपसणाऱ्यास दुप्पट. सुरुंग, विष आणि वीज यांसाठी मात्र तडजोड नको, खटलाच हवा. स्फोटक पदार्थांचा कायदा १९०८ पासून अस्तित्वात आहे, त्याचा वापर व्हावा आणि ती कांडी कोणत्या परवानाधारकाच्या साठ्यातून आली, त्याच्यापर्यंत तपास जावा. दंडाची रक्कम कायद्यात गोठवून ठेवू नये, तिचा ठराविक काळाने फेरविचार व्हावा, म्हणजे दोनशे रुपयांसारखी हास्यास्पद अवस्था पुन्हा येणार नाही. आणि वसूल झालेला पैसा त्याच जलाशयात बोटुकली सोडण्यासाठी खर्च व्हावा, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काही तरी पडेल.

चौथी, बंदीच्या काळात पोटाची सोय. चूल बंद करून कोणी कायदा पाळीत नाही. मच्छीमार कुटुंबांना बंदीकाळात तीन महिन्यांसाठी साहाय्य देण्याची केंद्राची योजना आहे. त्यात शासनाचे तीन हजार आणि लाभार्थ्याच्या बचतीचे पंधराशे रुपये धरलेले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण तीही आतल्या जिल्ह्यांतील नदीकाठच्या माणसापर्यंत पोहोचते का, हे पाहणारा कोणी हवा. पाचवी आणि शेवटची, सर्व खात्यांच्या वर बसून विचारणा करणारा एक अधिकारी जिल्ह्यात असावा. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी जलसंपदा, मत्स्यव्यवसाय, वन, पोलीस आणि महानगरपालिका यांना एका मेजाभोवती बसवावे, कोणत्या पाण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवून जाहीर करावे आणि तक्रारीसाठी एकच ठिकाण ठेवावे.

शासनाकडे इतके मागितल्यावर नागरिकांस मोकळे सोडणे योग्य होणार नाही. चोरीचा माल विकला जातो तोवर चोरी थांबत नाही. आषाढात बाजारात उभे राहून गाभोळीने फुगलेला मासा हौसेने मागणारा गिऱ्हाईक आपणच आहोत. बोटाएवढी बोटुकली पाटीभर विकावयास आली, तर ती न घेण्याचे आणि कोठून आली हे विचारण्याचे सामर्थ्य आपल्याच हाती आहे. बंदी घातलेला आफ्रिकन मागूर स्वस्त मिळतो म्हणून घेणारे आपण, आणि देशी मासे नाहीसे झाले म्हणून हळहळणारेही आपणच! दोन महिने जिभेला आवर घातला, तर वर्षाचे दहा महिने ताट भरेल, हा साधा व्यवहार गृहिणींना सांगण्याची गरज पडू नये.

नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे. गोदावरीला आपण माता म्हणतो, तिची आरती करतो, सिंहस्थात तिच्यात स्नान करून पुण्य जोडतो. पण नदी जिवंत आहे की नाही, हे तिच्या आरतीवरून ठरत नाही, तिच्यातील माशांवरून ठरते. ज्या पाण्यात मासा तगतो, त्यात माणसाने उतरावे. ज्यात तो गुदमरतो, त्यात केलेल्या स्नानाचे पुण्य पदरी कसे पडावे? म्हणून मासेमारीच्या परवान्याचा प्रश्न मूठभर भोई-कोळ्यांचा, अथवा एका लहानशा खात्याच्या वसुलीचा समजू नये. पाणी कोणाचे, त्यावर जगण्याचा पहिला हक्क कोणाचा आणि ते नासविणाऱ्याला जाब कोण विचारणार, असा हा प्रश्न आहे. हक्कदाराच्या हाती परवाना द्या, अपराध्याच्या माथी दंड मारा, आणि या दोहोंत गल्लत होऊ देऊ नका, एवढेच आमचे मागणे आहे. मृग दरवर्षी येतो आणि मासा दरवर्षी चढणीला लागतो. तो आपले काम चुकवीत नाही. या वर्षी तो सांडव्याखाली येईल, तेव्हा त्याच्या वाटेवर सुरुंग असणार की कायदा, हे आता राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे आहे.